टेलव्हीलचं काम : एकआसनी बायप्लेन, कुपवाड

विमान स्टील ट्यूबच्या सांगाड्याचं, वर कापड, एक आसन. रिकामं वजन ३९५ किलो. पुढच्या चाकांच्या आसापासून टेलव्हीलपर्यंत, म्हणजे शेपटीखालच्या चाकापर्यंत, ३.७ मीटर. पुढचे पाय सपाट ॲल्युमिनियम स्प्रिंगचे, आस चार-चार बोल्टवर बसवलेला. मागे १५० मि.मी.चं भरीव रबरी चाक, ६ मि.मी.चा एकेरी पाटा (पोलादी पट्टीची स्प्रिंग), दोन्ही बाजूंना रडरला (शेपटीवरच्या, पेडलने फिरणाऱ्या उभ्या पट्ट्याला) जोडणाऱ्या ताणाच्या स्प्रिंगा आणि साखळ्या.

तक्रारी तीन. ताशी २५ किमीच्या वर चाक वळवळायला लागतं आणि पेडलमध्ये थरथर येते. पाय जरा दाबला की नाक भसकन वळतं, उलटा पाय दिला की तितकंच दुसरीकडे जातं. आणि शेडसमोर वळवायचं तर कुणीतरी शेपूट उचलून धरावं लागतं, कारण चाक रडरपासून सुटत नाही.

नोंदी फक्त जमिनीवरच्या चालीच्या आहेत. बदलाची परवानगी आणि उड्डाणाचे कागद ज्याने-त्याने डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे आधी उरकायचे. ते इथे घेतलेलं नाही.

९ नोव्हेंबर २०२४

काही खोलायच्या आधी मोजमाप. बहुतेक जण वळवळ दिसली की आधी स्प्रिंगा बदलतात आणि तिथेच महिना घालवतात. आधी किंगपिनचा (ज्या उभ्या खिळीभोवती मागचं चाक वळतं तिचा) कोन बघावा, आणि तोही भार असताना.

वजनकाट्यावर मागचं चाक ठेवलं. पुढच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या. रिकाम्या विमानाला मागे २४ किलो, वैमानिक आणि भरलेल्या टाकीसह ३८ किलो. मग ओळंबा आणि डिजिटल कोनमापक किंगपिनच्या हाउसिंगला लावला. शेपूट घोडीवर, चाक जेमतेम अधांतरी : वरचं टोक ३ अंश पुढे झुकलेलं. शेपूट खाली, पूर्ण भार : ११ अंश पुढे.

हे उलटं आहे. सायकलचा पुढचा चिमटा जसा वरून मागे कललेला असतो तसं इथेही हवं, म्हणजे किंगपिनची रेघ जमिनीला जिथे लागते ती जागा चाकाच्या टेकणीच्या पुढे राहते. ते अंतर म्हणजे ट्रेल. आमच्या फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या चिमट्यात) आस किंगपिनच्या ५५ मि.मी. मागे आहे, म्हणजे किंगपिन सरळ उभा असता तर ट्रेल ५५ मिळाला असता. ११ अंश पुढे झुकल्यावर तो ४१ वर आला. चाकाला मागे ओढून सरळ ठेवणारी ताकदच पाव भागाने कमी झाली, मग ते वळवळणारच.

कारण पाट्यात सापडलं. मोकळी लांबी ३३० मि.मी., रुंदी ३८, जाडी ६. ३८ किलोला त्याचं टोक ३० मि.मी.च्या वर उचललं जातं आणि ८ अंशांच्या आसपास फिरतं. मूळ जुळणी करताना किंगपिन ओळंब्यात आणला होता खरा, पण शेपूट घोडीवर असताना. उरलेले ३ अंश म्हणजे पाटा कायमचा बसलाय. तिप्पट धक्क्याला या जाडीत मुळाशी ताण १६०० मेगापास्कलपर्यंत जातो, तो कुठल्याही साध्या स्प्रिंग स्टीलला झेपणारा नाही.

१३ नोव्हेंबर

टेलव्हील सोडायच्या आधी पुढच्या चाकांची रेघ. मागचं चाक कितीही चांगलं केलं तरी पुढची चाकं वाकडी असतील तर दोष मागच्याच्या नावावर जातो.

प्रत्येक चाकाखाली ॲल्युमिनियम पत्र्याचे दोन-दोन तुकडे, मध्ये भरपूर ग्रीस. विमान थोडं पुढे-मागे ढकलून हलवलं की पाय मोकळे होऊन आपल्या जागी बसतात. ग्रीसचे पत्रे नसतील तर टायरच्या घर्षणाने पाय अडकून राहतात आणि माप दर वेळी वेगळं येतं. विमानाची मध्यरेषा ओळंब्याने फरशीवर उतरवली, तिला काटकोनात सरळ चौकोनी पाइप दोन्ही टायरच्या पुढे लावला आणि मोठा गुण्या धरून कोन घेतला.

उजवं शून्य. डावं १.५ अंश आत वळलेलं. मागचं चाक असलेल्या विमानाला आत वळलेली चाकं घातक. विमान उजवीकडे भरकटायला लागलं की भार डाव्या, म्हणजे बाहेरच्या चाकावर येतो, आणि ते चाक आधीच उजवीकडे तोंड करून असेल तर भरकटणं आणखी वाढवतं. शून्य किंवा पाव-अर्धा अंश बाहेर चालतं.

आसाच्या चार बोल्टमध्ये १.५ अंशाची तिरपी शिम (पातळ पाचर) घातली. शिमची जाड बाजू चुकीकडे लागली की दोष दुप्पट होतो, त्यामुळे बोल्ट आवळल्यावर पुन्हा पत्रे-ग्रीस-पाइप सगळं मापलं. डावं शून्यावर आलं. शिममुळे बोल्टच्या डोक्याखाली फट राहते, तिथे त्याच कोनाचा तिरपा वॉशर लागतो. तो न घालता आवळलं तर बोल्टची मान वाकते.

दोन्ही चाकं उचलून स्प्रिंग काट्याने फिरवून ब्रेकची ओढ पाहिली. सारखी.

१६ नोव्हेंबर

जुना पाटा काढला. सॉकेटच्या (पाट्याचं मूळ ज्यात बसतं त्या खोबणीच्या) वेल्डलगत रंगाला केसासारखी चीर होती. रंगातली चीर सहसा रंगातलीच नसते. तारेच्या ब्रशने साफ करून लाल-पांढरा डाय पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारला : सॉकेटच्या खालच्या बाजूला वेल्डच्या कडेने १८ मि.मी. लांब लाल रेघ उमटली. पाटा मऊ झाल्याने मोठ्या धक्क्याला तो सॉकेटच्या ओठावर आपटत होता, त्याची खूणही ओठावर आहे.

इथे काम वाढलं. कापड ४०० मि.मी. मागे सोलून घ्यावं लागलं. चीर पूर्ण घासून काढली, पुन्हा डाय मारून संपल्याची खात्री केली, मग टिग वेल्ड. ४१३० क्रोमोली नळीला ईआर ७०एस-२ तार. वेल्ड झाल्यावर पंखा नाही, ओला फडका नाही; आपोआप गार होऊ द्यायचं, नाहीतर कडेची जागा कडक होऊन चीर तिथून पुन्हा सुरू होते. वेल्डर अनुभवी असेल तर वाऱ्याची झुळूक नको म्हणून दाराला कडी लावायलाही तोच सांगतो. नळीत पूर्वी गंज टाळायला जवसाचं तेल ओतलेलं होतं, ते तापून वेल्डमध्ये फुगे आणत होतं. थिनरने धुऊन, वाळवून, दुसऱ्यांदा वेल्ड केल्यावर जमलं.

कापडाची शिवण, टेप आणि डोप (कापडावरचा लेप) धरून या एका चिरेने पुढचं काम आठवडाभर अडवलं.

२३ नोव्हेंबर

नवा पाटा. जाडी ८ मि.मी., रुंदी ३८. साहित्य ईएन ४५ए, स्प्रिंगचं पोलाद. सांगली-मिरज पट्ट्यात पाटेवाले पुष्कळ, पण सध्या गळीत हंगाम, त्यांच्याकडे ऊस ट्रॉल्यांच्या पाट्यांची रांग. आणि त्यांच्याकडची पट्टी ७० मि.मी. किंवा त्याहून रुंद. ३८ ची हवी तर चिरून घ्यावी लागते.

पहिला तुकडा गॅस कटरने चिरून मिळाला. तो बाद केला. गॅसने कापलेली कड जागोजागी कडक होते, बारीक चिरा पडतात, आणि पाट्याची कड हीच सगळ्यांत जास्त ताणाची जागा. घासून दोन-तीन मि.मी. काढलं असतं तर वापरता आला असता, पण मग रुंदी ३८ उरत नव्हती. दुसरा तुकडा नरम अवस्थेतच बँडसॉवर कापून घेतला.

कडा कानशीने गोल केल्या, कानस पाट्याच्या लांबीच्या दिशेने चालवून. आडवे ओरखडे राहिले तर तुटण्याची सुरुवात तिथूनच होते. शेवटी २२० नंबरचा पॉलिशपेपर, तोही लांबीतच.

मुळाशी भोक नाही. जुन्या पाट्याला सॉकेटमध्ये अडकवायला मुळाशीच ८ मि.मी.चं भोक होतं, म्हणजे जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच मांस कमी. नव्या पाट्याला मुळाशी दोन यू-बोल्ट आणि वर ५ मि.मी.ची दाबपट्टी. टोकाकडची दोन भोकं उष्णता प्रक्रियेच्या आधी पाडून दोन्ही बाजूंनी तासली. सेंटर पंचाने नाव किंवा नंबर ठोकायचा मोह टाळावा. खूण हवी तर रंगाने.

कमान जुन्या नकाशाप्रमाणे गरम करून दिली. मग ८८० ते ९०० अंशांवरून तेलात, नंतर ठिसूळपणा घालवायला ४५० च्या आसपास पुन्हा तापवून टेंपर. कारखान्याला सांगायचं ते कडकपणाचं मूल्य : रॉकवेल सी ४४ ते ४६. नुसतं ‘कडक करा’ म्हटलं तर ५२-५४ करून देतात आणि पाटा काचेसारखा तुटतो. आमच्याकडे ४५ आलं. एका तुकड्यासाठी भट्टी पेटत नाही, इतरांचा माल जमेपर्यंत थांबावं लागतं, हे वेळापत्रकात धरा.

१ डिसेंबर

पाट्याची परीक्षा टेबलावर. सॉकेटसारखाच पकडून टोकाला पिंप टांगलं आणि पाणी ओतत गेलो, म्हणजे भार धक्क्याविना हळूहळू वाढतो.

३८ किलोला टोक १५ मि.मी. सरकलं. कागदावर १३.४ येत होतं, उरलेलं पकडीचं लवचिकपण. कोनात फरक ३.५ अंश. ११४ किलोला, म्हणजे तिप्पट भाराला, टोक ४३ मि.मी. गेलं आणि भार काढल्यावर अर्ध्या मि.मी.च्या आत परत आलं. मुळाशी ताण इथे ९१० मेगापास्कलच्या आसपास. या कडकपणाच्या ईएन ४५ए ला तो झेपतो.

त्यावर ६ मि.मी.चा १८० लांबीचा दुसरा आखूड पाटा घालायचा विचार होता. घातला नाही. त्याने टोकाचा कोन कमी हलतो खरा, पण दोन पाट्यांमध्ये मुरमाची धूळ शिरून घासते आणि शेपटीत वजन वाढतं. विमान जड असेल, मागे ५० किलोच्या वर भार येत असेल तर मात्र दुहेरी पाटाच लावावा.

४ डिसेंबर

पाचर. भाराखाली किंगपिन ३ अंश मागे हवा. पाटा ३.५ अंश पुढे ढकलणार, म्हणून अधांतरी असताना ६.५ अंश मागे ठेवायचा. हाउसिंग पाट्याच्या खाली बसतं, त्यामुळे पाट्याच्या आणि हाउसिंगच्या मध्ये ६.५ अंशाची पाचर, जाड बाजू मागे. ६० मि.मी. लांबीत एका टोकाला ४ मि.मी., दुसऱ्या टोकाला १०.८.

आधी सागवानाची करून लावली आणि शेपूट खाली घेऊन कोन मोजला. लाकडाची पाचर रंध्याने अर्धा अंश इकडे-तिकडे करणं मिनिटाचं काम आहे, ॲल्युमिनियमची पुन्हा मिलिंगला न्यावी लागते. सागवानावर कोन पक्का झाल्यावर तीच मापं देऊन एचई ३० ॲल्युमिनियममध्ये मिल करून घेतली. वर पाट्यावर ६.५ अंशाचे तिरपे वॉशर.

मागे कलणंही बेतातच हवं. ८-१० अंश केलं तर चाक वळताना शेपूट खाली जातं, म्हणजे विमानाचं वजनच चाकाला बाजूला लोळवायला बघतं. सुकाणू जड होतं आणि सरळ परत येत नाही. ३ अंशांवर ट्रेल ५९ मि.मी. झाला. जुन्या ४१ च्या तुलनेत दीडपट.

८ डिसेंबर

फक्त पाटा आणि पाचर बदलून पहिली चाल. स्प्रिंगा, साखळ्या, आर्म (साखळी जिथे अडकते तो चाक वळवणारा हात) सगळं जुनंच. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

जागा : कवठेमहांकाळ बाजूच्या माळावरची मुरमाची पट्टी. ढालगावच्या पवनचक्क्यांचा हा भाग, दुपारी वारा हमखास, म्हणून सकाळी आठच्या आत. पट्टीवर मध्यभागी फक्कीची रेघ मारली, तिच्या दोन्ही बाजूंना भुरभुरती फक्की हाताने पसरली. त्यावरून विमान चाललं की मागच्या चाकाचा माग स्पष्ट उमटतो. वैमानिकाला पेडलमध्ये जे जाणवतं त्यापेक्षा हा माग जास्त खरं सांगतो.

ताशी १५, २५, ४० किमी. पूर्वी २५ ला माग सापासारखा नागमोडी व्हायचा, दर मीटरला दोन-तीन वळसे. आता ४० पर्यंत एकसंध रेघ. वळवळ गेली.

नाकाचं भसकन वळणं तसंच. मागात दिसतं : पाय दिल्यावर चाक आधी काहीच करत नाही, स्प्रिंग ताणली जाते, मग एकदम झटका.

१४ डिसेंबर

आर्म आणि हॉर्नचं गुणोत्तर. रडरच्या हॉर्नवर (रडरच्या बुडाशी बाजूला आलेल्या पट्टीवर) साखळी बिजागरीपासून ७५ मि.मी. वर, चाकाचा आर्म ६० मि.मी. चा. रडर ३० अंश फिरलं की चाक कागदावर ३८ अंशांहून जास्त फिरायला बघतं. म्हणजे रडरपेक्षा चाकच पुढे. वेगात हे फार.

नवा आर्म ९० मि.मी.चा, ५ मि.मी. जाड पत्र्यातून लेझरने कापला. हॉर्नवर ६० मि.मी. वर नवं भोक. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर शिल्लक आहे का ते आधी पाहायचं, आमच्याकडे होतं. नसेल तर नवा हॉर्न. आता ३० अंश रडरला चाक १९.५ अंश. नुसत्या सुकाणूवर वळणाची त्रिज्या साडेदहा मीटरच्या आसपास येते, ती शेडसमोर पुरत नाही. त्यासाठी चाक सुटण्याची सोय वेगळी, खाली.

काही जण आर्म लांब करायचं टाळतात कारण मग वळण मोठं होतं. पण सुकाणू हे वेगात सरळ ठेवण्यासाठी, आणि लहान वळण ब्रेक आणि मोकळ्या चाकासाठी. दोन्ही कामं एकाच आर्मकडून काढायला गेलं की दोन्ही धड होत नाहीत.

१९ डिसेंबर

स्प्रिंगा. ताणाच्या जुन्या स्प्रिंगा काढून दाबाच्या घेतल्या. आत तारेच्या दोन उलट्या कड्या असतात. साखळी ओढली की स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंग तुटली तरी कड्या एकमेकांत अडकून राहतात आणि सुकाणू जात नाही. ताणाची स्प्रिंग तुटली की ती बाजू संपली.

तार २.५ मि.मी., मध्यव्यास १८. डावीकडे १२ वेढे, उजवीकडे ९. मि.मी.ला अनुक्रमे ५.५ आणि ७.४ न्यूटन. दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या, म्हणजे डाव्या-उजव्या झोक्याचा ठेका एकमेकांशी जुळत नाही आणि थरथर वाढत जात नाही.

पहिला संच जस्ताचा मुलामा देऊन आणला. चकचकीत, देखणा. साखळीवर ताण देऊन रात्रभर ठेवला तर सकाळी उजवी स्प्रिंग दोन तुकड्यांत. ना धक्का, ना जादा भार. तुटलेली जागा स्वच्छ, दाणेदार, कुठे ओढल्याची खूण नाही. मुलाम्याच्या आम्लात आणि विजेच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो, कडक तारेला तो ठिसूळ करतो, आणि ती नुसत्या टांगलेल्या भाराने काही तासांनी तुटते. मुलामा झाल्यावर चार तासांच्या आत १९०-२०० अंशांवर बरेच तास भाजून घेतलं तर हायड्रोजन निघून जातो. लहान मुलामेवाल्याकडे ही सोय नसते आणि विचारलं तर “कुछ नहीं होता” असं उत्तर मिळतं. दुसरा संच मुलाम्याविना, तेलात काळा करून. महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवलं की गंज नाही.

हाच नियम पाट्याला आणि यू-बोल्टला. पाटा फक्त रंगवला आहे.

२२ डिसेंबर

साखळीची ढील. इथे सगळ्यांची फसगत होते.

विमान जमिनीवर उभं असताना साखळ्या नीटस आवळल्या. हाताला छान, कुठे खुळखुळ नाही. मग शेपूट घोडीवर घेतलं आणि रडर हलवून पाहिलं : जड, आणि सोडलं की मध्यावर न थांबता उजवीकडे जातं.

चाक अधांतरी झालं की पाटा सरळ होतो, चाक खाली लोंबतं आणि हॉर्नपासून आर्मचं अंतर वाढतं. आमच्याकडे ४ मि.मी. जमिनीवर नीट बसलेली साखळी हवेत ४ मि.मी. ताणली जाते. डाव्या स्प्रिंगला त्याने २.२ किलोची ओढ, उजवीला ३ किलोची. स्प्रिंगा मुद्दाम असमान केल्या आहेत, त्यामुळे रडर एका बाजूला ओढलं जाणारच. जमिनीवर दिसत नाही, उड्डाणात एक पाय सतत दाबून ठेवावा लागतो.

म्हणून ढील कायम शेपूट उचलून लावायची : दोन्ही बाजूंना १-१ मि.मी. मोकळी. खाली घेतल्यावर ती ५ मि.मी. होते, म्हणजे मध्याभोवती रडर पावणेपाच अंश हलेपर्यंत चाक हलत नाही. पहिल्यांदा ही ढील खटकते, पण लहानसहान पाय हलले तरी चाक शांत राहतं हा फायदाच. कड्यांची संख्या पूर्ण असते, त्यामुळे १ मि.मी. जुळवायला आट्यांचा दुवा लागतो, त्याला लॉकनट आणि तारेची सील.

२९ डिसेंबर

चाक सुटण्याची यंत्रणा. आर्म आणि फोर्क यांना जोडणारी स्प्रिंगवरची चावी, फोर्कच्या खाचेत ४ मि.मी. बसणारी. स्थिर हाउसिंगवर दोन्ही बाजूंना चढ. फोर्क ३२ अंशांच्या पुढे गेला की चढ चावीला खाचेतून बाहेर ढकलतो आणि फोर्क पूर्ण गोल फिरायला मोकळा. परत मध्यावर आला की चावी आपोआप खाचेत पडते. सुकाणू १९.५ अंशांवर थांबतं, त्यामुळे पायाने कधीच सुटत नाही. एका बाजूचा ब्रेक दाबून शेपूट फिरवलं तरच सुटतं.

पहिली चावी साध्या लोखंडाची. शेडच्या फरशीवर उत्तम चालली. पट्टीवर मात्र काही वळणांनंतर डावीकडे १२ अंशांवरच सुटायला लागली, आणि तीही सरळ चालताना. खोलल्यावर चावीची डावी कड बोथट होऊन बाहेर फुगलेली. कड गोल झाली की बाजूचा जोरच चावीला वर ढकलतो, चढाची गरज राहत नाही. हा दोष गंभीर आहे : वेगात चाक अचानक सुटणं म्हणजे ग्राउंड लूपला, विमान जमिनीवर गर्रकन फिरण्याला, आमंत्रण.

नवी चावी ईएन २४ पोलादाची, कडक करून रॉकवेल सी ४० पर्यंत, बाजू ग्राइंड केलेल्या. खाचेत ढिलाई ०.१५ मि.मी. ०.३ ठेवून पाहिली तर चावी तिरपी होऊन अडकते, ०.०५ ला धूळ शिरली की परत पडत नाही. खाचेच्या कडा काटकोनात, फक्त तोंडाशी अर्धा मि.मी. चॅम्फर (तिरपी कड). फोर्कची खाचही साध्या लोखंडाची होती, तिथे ईएन २४ चा तुकडा बसवला, नाहीतर आता तीच झिजली असती. दोन्ही चढ कोनमापकाने तपासले : डावा ३२, उजवा ३१. चालतं.

५ जानेवारी २०२५

किंगपिनचं घर्षण. वरच्या टोकाला दोन घर्षण चकत्या आणि वाटीसारखे स्प्रिंग वॉशर. चावी सोडवून, चाक अधांतरी ठेवून, आसाला स्प्रिंग काटा लावून आडवं ओढायचं : दीड ते दोन किलोला हलायला हवं. अर्ध्या किलोला हललं तर वळवळ परत येते, तीन किलोच्या वर गेलं तर चाक मोकळं झाल्यावर मध्यावर येत नाही आणि चावी पडत नाही.

ग्रीस खालच्या बुशला आणि बेअरिंगला, चकत्यांना अजिबात नाही. एकदा ग्रीसगन भरून दिली की जादा ग्रीस वर चढून चकत्यांवर येतं आणि ओढ सातशे ग्रॅमवर येते. ‘ग्रीस केल्यापासून वळवळतंय’ ही तक्रार जिथे-तिथे ऐकू येते तिचं मूळ बहुधा हेच. चकत्या थिनरने पुसून कोरड्या केल्या की ओढ परत येते.

११ जानेवारी

वजन. नवा पाटा, पाचर, आर्म, चावी, यू-बोल्ट मिळून शेपटीत १.१ किलो वाढलं. ऐकायला किरकोळ. पण गुरुत्वमध्यापासून ३.४७ मीटर मागे आहे, त्यामुळे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य जवळपास १० मि.मी. मागे सरकला. आधीच मागच्या मर्यादेजवळ असलेल्या विमानाला हे परवडत नाही. सहा किलोची बॅटरी आसनामागून फायरवॉलकडे (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीकडे) ६४० मि.मी. पुढे नेली आणि हिशेब जुळला. तरी कागदावर विसंबून न राहता तिन्ही चाकं पुन्हा काट्यावर घेतली. मागे २४ चे २४.

बॅटरीची केबल लांबली, तिचा खर्च खाली धरलेला नाही.

१८ जानेवारी

आडव्या वाऱ्यात चाल. या वेळी मुद्दाम दुपारी. वारा पट्टीला साठ-सत्तर अंशांत, ताशी १५ ते २० किमी. नाकामुळे समोर दिसत नाही म्हणून नागमोडी चालावं लागतं. पूर्वी वाऱ्याच्या बाजूला वळल्यावर परत आणायला ब्रेक लागायचा. आता अर्ध्या रडरवर येतं, वाऱ्याकडचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर आणि वैमानिकाच्या हातातली दांडी मागे ओढलेली असेल तर. दांडी सैल सोडली की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि सगळी मेहनत फुकट. हे यंत्राचं काम नाही, हाताचं आहे.

शेडसमोर आतल्या चाकावर विमान जागच्या जागी फिरतं. शेपूट उचलायला माणूस लागत नाही.

खर्च : पाट्याची पट्टी, कापणी, उष्णता प्रक्रिया ४,६०० रुपये. पाचर आणि तिरप्या शिम-वॉशरचं मिलिंग २,२००. आर्म, चावी, हाउसिंगचं लेझर आणि लेथ काम ६,८००. स्प्रिंगा १,९००. एएन (विमानाच्या दर्जाचे) बोल्ट, खाचेचे नट, स्प्लिट पिना ५,४००. बेअरिंग, सील, चकत्या १,३५०. डाय पेनिट्रंट १,६००. एकूण २३,८५०. यात ३,१०० च्या आसपास बाद झालेल्या मालाचे : गॅसने कापलेला पाटा, मुलाम्याच्या स्प्रिंगा, पहिली चावी. वेल्डिंग, कापडाचं काम आणि वाहतूक वेगळी.

बोल्टवर पैसे वाचवायचे का, हा प्रश्न येतो. बाजारातला ८.८ दर्जाचा बोल्ट ताकदीला एएन बोल्टच्या जवळपासच आहे. पण त्याचे आटे बहुधा डोक्याच्या जवळपर्यंत आलेले असतात, म्हणजे भोकात गुळगुळीत दांडा न बसता आटे बसतात. आट्यांनी भोक खाल्लं की साठ-सत्तर तासांत ढिलाई सुरू. यू-बोल्ट स्थानिक चालतील, किंगपिन आणि आर्मचे बोल्ट नाहीत.

२६ जानेवारी

हवेच्या चाकाची चाचपणी. २.८०/२.५०-४ चं ट्रॉलीचं चाक बसतं, मुरमात कमी रुततं, शेपटीला धक्काही कमी. शेपूट साधारण ३० मि.मी. उचललं जातं, म्हणजे उभ्या विमानाचा कोन अर्ध्या अंशाने बदलतो आणि किंगपिनचाही तितकाच, म्हणून पाचर ७ अंशांची करावी लागेल. शिवाय जवळपास ९०० ग्रॅम वजन. आणि पट्टीच्या कडेने सराटे इतके, की घातल्या दिवशी पंक्चर निघालं. ट्यूबमध्ये सीलंट भरून पुन्हा लावायचं की पट्टी आधी झाडून घ्यायची ते पाहतोय. तोवर भरीव चाक. त्याच्या बेअरिंगला दुहेरी सीलचा प्रकारच घ्यावा, उघड्या बेअरिंगमध्ये मुरमाची धूळ ग्रीसशी मिसळून घासपेस्ट होते.

९ फेब्रुवारी

खोलून तपासणी. चावीची कड शाबूत. चकत्यांची ओढ १.७ किलो. साखळीची ढील उजवीकडे १ वरून २ मि.मी. झालेली, हॉर्नच्या भोकातली कडी बसल्यामुळे. दुवा अर्धा फेरा आवळला. सॉकेटच्या वेल्डवर पुन्हा डाय, काही नाही. पाट्याची कमान मूळ पुठ्ठ्याच्या साच्याशी ताडून पाहिली, फरक नाही. साचा पाट्याचं काम झाल्या दिवशीच कापून ठेवावा, नंतर किती बसला ते मोजायला मूळ माप उरत नाही. यू-बोल्टचे नट मात्र दोन्ही बाजूंना पाव फेरा घेत होते, रंगाचा थर दबल्याने. दाबपट्टीखालचा रंग खरवडून काढला आणि पुन्हा आवळले.